टॉर्चमधला सुटा सेल: घेताना, वापरताना आणि चार्जिंगला लावताना

मे संपत आला की मुंबईतल्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये टॉर्चची चर्चा सुरू होते. काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचं असतं, पाठोपाठ पावसाळी ट्रेक लागतात, शेवटची कसारा लोकल पकडून रात्री चढाई करायची असते. पेन्सिल सेलवरचा छोटा हेडटॉर्च आता पुरत नाही, हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) मोठा घ्यायचाय, कोणता घेऊ, असं कुणीतरी नवखं विचारतं. उत्तरं भराभर येतात. उजेड किती, झोत किती लांब जातो, पाण्यात टिकतो का, किंमत किती. त्या टॉर्चच्या पोटात जो सेल बसणार त्याच्याबद्दल फार तर एक वाक्य येतं: "१८६५० टाक, मस्त चालतो."

चालतो, यात वाद नाही. पण पेन्सिल सेल आणि १८६५० नावाचा हा रिचार्ज होणारा लिथियम-आयन सेल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो कळल्याशिवाय हा सेल सॅकमध्ये टाकू नये असं मला मनापासून वाटतं. फोनच्या बॅटरीची राखण फोनमधलं सर्किट करतं. सुटा लिथियम सेल हातात घेतला की त्या राखणीतला बराचसा भाग तुमच्याकडे येतो. पुढचं सगळं त्या राखणीबद्दलच आहे.

आत काय असतं

१८६५० हा आकड्यांचा पत्ता आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचं शून्य म्हणजे नळकांड्याचा गोल आकार. त्याचा थोरला भाऊ २१७००, म्हणजे २१ बाय ७०. आत दोन लांब पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. एक तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइट चढवलेली, दुसरी अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम आणि निकेल-कोबाल्टसारख्या धातूंची ऑक्साइडं चढवलेली. दोघींच्या मधे प्लास्टिकचा अतिशय पातळ, सच्छिद्र पडदा. हे सगळं एका सेंद्रिय द्रावणात भिजलेलं. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडकडून ग्रॅफाइटकडे जातात, वापरताना परत येतात.

असे सेल सोनीने १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणले. ज्यांच्या कामावर ते उभे राहिले त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज हेच नळकांडं लॅपटॉपच्या जुन्या बॅटरी पॅकमध्ये, पॉवर बँकेत, कॉर्डलेस ड्रिलमध्ये आणि कितीतरी इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये असतं. परदेशात वेपिंगच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या उपकरणांतही तेच बसतं. आपल्याकडे ई-सिगारेटच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि साठवणुकीवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे त्या वापराबद्दल इथे बोलत नाही. पण सुटा सेल खिशात फुटून मांडी भाजल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो त्यांतल्या पुष्कळशा त्या उपकरणांच्या सेलच्या आहेत. सेल तोच, म्हणून धोकाही तोच. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुट्या १८६५० सेलबद्दल जाहीर इशाराच दिला होता.

आता धोक्याचं मूळ. ते द्रावण पेट घेतं. चांगल्या १८६५० मध्ये सुमारे १२.६ वॉट-तास ऊर्जा भरलेली असते, म्हणजे ४५ हजार ज्यूल. एवढ्यात घरातलं कपभर पाणी उकळतं. टॉर्च ती ऊर्जा दोन-तीन तास पुरवून वापरतो. आत शॉर्ट झालं तर ती काही सेकंदांत बाहेर येते, आणि द्रावण जळण्याची उष्णता वेगळीच.

हे टप्प्याटप्प्याने घडतं. सेल ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर विस्कटू लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. १३० च्या सुमारास मधला प्लास्टिकचा पडदा वितळायला लागतो, पट्ट्या एकमेकींना भिडतात, शॉर्ट होतं. दीडशे-दोनशेच्या पुढे ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतं. म्हणून जळणाऱ्या सेलवर गोधडी टाकून काही साधत नाही. बाहेरची हवा तोडली तरी आतली प्रक्रिया चालूच राहते. एकदा साखळी सुरू झाली की ती माणसाच्या हातात राहत नाही. जे करायचं ते त्याआधी.

टॉर्चच्या बाबतीत यात एक भर पडते. पावसासाठी टॉर्चला रबरी रिंगा लावून घट्ट बंद केलेलं असतं. सेलच्या टोपीत वाढलेला वायू सोडून द्यायची सोय असते, पण तो वायू सेलबाहेर येऊन अॅल्युमिनियमच्या बंद नळीत कोंडतो. जितका टॉर्च पाण्याला पक्का, तितकी ही कोंडी पक्की.

एमएएच बघून सेल घेऊ नका

दुकानात सेलवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, लिहिलेलं असतं. तो साठ्याचा आकडा. १८६५० च्या नळकांड्यात आज साधारण ३५०० एमएएचच्या आसपास मावतात. २१७०० मध्ये पाच हजारांच्या आसपास किंवा थोडं वर. १८६५० वर ६८०० किंवा ९९०० छापलेलं दिसलं तर तो सेल खाली ठेवा आणि पुढे चला. तो आकडा खोटा आहे, आणि जो आकड्यात खोटं बोलतो त्याच्या आतल्या पडद्याच्या दर्जावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

त्याहून महत्त्वाचा आकडा बहुतेक वेळा छापलेलाच नसतो: सेलमधून सलग किती अँपिअर ओढता येतात. साठा आणि झेप यांत तडजोड असते. आतल्या पट्ट्यांवर थर जाड दिला तर साठा वाढतो पण प्रवाह झेलायची ताकद कमी होते. थर पातळ दिला तर उलट. सॅमसंगचेच तीन सेल घ्या. '३५ई' ३५०० एमएएचचा, पण सलग ८ अँपिअरचा. '३०क्यू' ३००० चा आणि १५ अँपिअरचा. '२५आर' २५०० चा आणि २० अँपिअरचा. बाहेरून तिघे सारखेच दिसतात, जागच्या जागी बसतात.

तुमच्या टॉर्चला किती लागतात हे काढायला शाळेतलं गणित पुरतं. प्रवाह म्हणजे वॉट भागिले व्होल्ट. हजार लुमेनसाठी एलईडीला साधारण १० वॉट लागतात, सर्किटमधली घट धरली तर १२. सेलचा सरासरी दाब (व्होल्टेज) ३.६ व्होल्ट, म्हणजे सुमारे ३.३ अँपिअर. पण सेल उतरत जातो तसा दाब ३ व्होल्टकडे येतो, आणि उजेड कायम ठेवणारा टॉर्च तेवढेच वॉट मिळवायला जास्त प्रवाह ओढतो: १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. हिशेब नेहमी या उतरलेल्या दाबावर करा. ३००० लुमेनचा टॉर्च याच रीतीने १० अँपिअरच्या वर जातो. तिथे ८ अँपिअरचा सेल घातला तर तो तापेल, लवकर म्हातारा होईल, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. जेवढी गरज निघेल त्याच्या दीडपट-दुप्पट ताकदीचा सेल घ्या.

नवख्याला माझा सल्ला मात्र आणखी सोपा आहे. पहिला मोठा टॉर्च एका सेलवर चालणारा घ्या, ज्याच्यासोबत कंपनीने स्वतःचा सेल दिला आहे आणि जो टॉर्चमध्येच यूएसबीने चार्ज होतो. सह्याद्रीतल्या रात्रीच्या वाटेला ३००-४०० लुमेन खरोखर पुरेसे असतात. धुक्यात तर जास्त उजेड डोळ्यांवरच परत येतो.

सुटा सेल घेणारच असाल तर 'प्रोटेक्टेड' घ्या. त्याच्या बुडाला नाण्याएवढं छोटं सर्किट बसवलेलं असतं. सेल जास्त चार्ज होऊ लागला, फार उतरला किंवा शॉर्ट झाला तर ते जोडणी तोडतं. त्या सर्किटमुळे सेलची लांबी ६८ ते ७० मिलिमीटर होते, म्हणून टॉर्चमध्ये बसतो का हे आधी बघा. दाबून, पिळून बसवू नका. आणि हेही लक्षात ठेवा की क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह ओढला तर हे सर्किट एका क्षणात काळोख करतं. अरुंद कड्यावर असं होणं सेल तापण्याइतकंच वाईट. सॅकच्या वरच्या कप्प्यात पेन्सिल सेलवाला जुना हेडटॉर्च राहू द्या.

लॅमिंग्टन रोडवर

ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पोचलात की हवा तो सेल मिळतो, आणि नको तोही. अडचण अशी की सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक, मुराता यांसारखे मोठे उत्पादक हे सेल सुटे, एकेका ग्राहकासाठी बनवतच नाहीत. ते पॅक बनवणाऱ्या कारखान्यांना विकतात. सुट्या बाजारात येतात ते सेल कुठल्या वाटेने आले हे दुकानदारालाही कित्येकदा माहीत नसतं. काही नवे आणि अस्सल असतात. काही जुन्या लॅपटॉपचे किंवा स्कूटरचे पॅक फोडून काढलेले, वर नवं वेष्टण चढवलेले. काहींच्या आत छोटा सेल आणि बाकी भरताड.

पारख करायला थोडी साधनं आहेत. अस्सल १८६५० चं वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या घरात असतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ३० ग्रॅम दिसले तर विषय संपला. दोन्ही टोकं नीट बघा. पॅकमधून काढलेल्या सेलवर पट्टी वेल्ड केल्याचे बारीक ठिपके किंवा घासल्याच्या खुणा राहतात. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. 'आर' अक्षर आणि पुढे आठ अंक असा तो क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून तपासता येतो. आणि बिल मागा. जो दुकानदार सेलवर बिल द्यायला तयार नाही त्याच्याकडून वायरी घ्या, सेल नको.

आकारावरून होणारी गफलतही इथेच घडते. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण पेन्सिल सेल दीड व्होल्टचा आणि हा भरल्यावर ४.२ व्होल्टचा. लहान मुलाच्या खेळण्यात तो गेला तर खेळणं जळेल. उलट, सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा लिथियम सेल रिचार्ज होतच नाही. तो चार्जरमध्ये घालणं सरळसरळ धोक्याचं.

वेष्टण, खिसा आणि किल्ल्या

पेन्सिल सेलचं वरचं आवरण फाटलं तर आपण लक्ष देत नाही. इथे ते चालणार नाही, आणि का चालणार नाही हे समजून घेण्यासारखं आहे. १८६५० चं संपूर्ण धातूचं डबडं, बुडापासून वरच्या कडेपर्यंत, मायनस असतं. प्लस म्हणजे फक्त मधलं बटण. दोघांच्या मधे मिलिमीटर-दोन मिलिमीटरची इन्सुलेटरची रिंग, आणि डब्यावर प्लास्टिकचं कागदासारखं पातळ वेष्टण. प्लसजवळ ते वेष्टण खरवडलं गेलं की टॉर्चचा धातू एकाच वेळी बटणाला आणि उघड्या कडेला टेकू शकतो. झालं शॉर्ट. दर वेळी सेल आत घालताना एकदा बोटात गोल फिरवून बघा. बारीकसा काप दिसला तरी तो सेल बाजूला. वेष्टण बदलून देणारे दुकानदार असतात, नवीन नळी गरम हवेने आकसवून बसवतात. पण पत्र्याला पोचा आला असेल तर वेष्टण बदलून उपयोग नाही, तो सेल संपला.

खिशातल्या अपघाताचं कारणही हेच. खिशात किल्ली असते, नाणी असतात, सॅकमध्ये कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) असतो, सेफ्टी पिना असतात. यांतलं काहीही बटण आणि कडा यांच्यात आडवं आलं की सेलमधून कित्येक दहा अँपिअर वाहतात, किल्ली लालभडक होते आणि काही सेकंदांत सेल तापून वायू सोडू लागतो. विरारच्या डब्यात दारात उभ्या माणसाच्या खिशात हे झालं तर त्याला पँट झटकायलाही जागा नसते. म्हणून सुटा सेल कधीही, पाच मिनिटांसाठीही, उघडा ठेवायचा नाही. प्लास्टिकच्या डब्या अगदी थोड्या पैशांत मिळतात. डबी नसेल तर दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावा.

टॉर्चमध्ये बसलेल्या सेललाही एक काळजी लागते. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन मोठा टॉर्च आतल्या आत पेटून राहिला तर त्याच्या तोंडाशी असलेलं कापड करपतं. मागचं झाकण अर्धा फेरा सैल करून ठेवा. बहुतेक टॉर्चमध्ये त्याने जोडणी तुटते. तुमच्या टॉर्चमध्ये तुटते का, हे घरीच करून बघा.

डिसेंबरात उत्तराखंडला ट्रेकला जाणाऱ्यांसाठी: विमानात सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक चेक-इन सामानात टाकायला मनाई आहे. ते केबिनमध्ये, तुमच्याजवळ, टोकं झाकून.

चार्जिंग

लिथियम सेल चार्ज करायची एकच ठरलेली रीत आहे. आधी ठरावीक प्रवाह देत दाब ४.२ व्होल्टपर्यंत आणायचा, मग दाब तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी होऊ द्यायचा, आणि तो अगदी थोडा उरला की तोडायचा. ४.२ च्या वर गेलं की ग्रॅफाइटवर लिथियम धातूच्या रूपात साचू लागतं आणि दुसऱ्या बाजूचं ऑक्साइड अस्थिर होतं. बरोबर ४.२ वर थांबणं हे चार्जरचं काम आहे, आणि स्वस्त चार्जर नेमका तिथेच कमी पडतो.

तुमचा चार्जर नीट थांबतो की नाही हे घरी तपासता येतं. एक साधा मल्टिमीटर घ्या. जो सुटे सेल वापरतो त्याच्याकडे तो हवाच. हिरवा दिवा लागल्यावर सेल काढून दोन्ही टोकांवर दाब मोजा, फक्त मोजताना तारांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. ४.१५ ते ४.२० दिसलं तर चार्जर ठीक. ४.२५ च्या वर गेला असेल तर तो चार्जर पुन्हा वापरू नका, कितीही महाग असो. रिचार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलचा, म्हणजे निकेल सेलचा जुना चार्जर लिथियमला कधीच नको. प्रत्येक खाचेला स्वतंत्र नियंत्रण असलेला चार्जर घ्या.

प्रवाह किती द्यायचा? साठ्याच्या निम्मा, ही सुरक्षित मर्यादा. ३००० एमएएचला दीड अँपिअरपर्यंत. मी १ अँपिअरच ठेवतो. साडेतीन-चार तास लागतात, पण सेल कोमट राहतो. घाई असेल तर दुसरा भरलेला सेल जवळ असणं बरं, प्रवाह वाढवणं नको. चार्ज होताना सेल हाताला कोमट लागला तर चालेल. धरवत नसेल इतका तापला तर स्विच बंद.

आता जागा. मुंबईच्या घरात हा प्रश्न अवघड होतो, कारण मोकळा प्लग जिथे असतो तिथे चार्जर लागतो: पलंगाच्या डोक्याशी, सोफ्यावर, नाहीतर दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर. पलंग आणि सोफा का नको हे सांगायला नको. दाराजवळची जागा मला त्याहून जास्त खटकते. वन रूम किचनला बाहेर पडायला एकच दार असतं. आग त्याच दारात लागली तर घरातली माणसं आत अडकतात. चाळीतल्या सामाईक गॅलरीचंही तेच, तिथे तर शेजाऱ्यांचीही वाट अडते. सोसायटीच्या लॉबीत किंवा जिन्याखाली स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावणाऱ्यांनी हा मुद्दा शंभरपटीने मनावर घ्यावा, कारण त्या पॅकमध्ये असेच कितीतरी सेल एकत्र असतात. घरात लादीची जमीन किंवा कडप्प्याचा ओटा निवडा, गॅसची शेगडी, पडदे आणि रद्दी यांच्यापासून लांब, दारापासून आतल्या बाजूला. आणि तुम्ही जागे असताना, घरात असताना. झोपताना लावून सकाळी काढायची सवय फोनपुरती ठेवा. फोनला राखण आहे.

ट्रेकहून परतल्यावरची चूक वेगळी. भिजलेला टॉर्च घरी आला की आपण आधी चार्जिंगला लावतो. यूएसबीच्या खाचेत पाणी, चिखल असताना ते करू नका. झाकण उघडून सेल बाहेर काढा, टॉर्चची नळी पुसून पंख्याखाली रात्रभर वाळू द्या, स्प्रिंगवर गंज दिसतो का बघा. मुंबईच्या जुलैत काहीच लवकर वाळत नाही, तेव्हा घाई नको.

थंडीत उलट धोका आहे. शून्य अंशाखाली गेलेला सेल वापरला तर चालतो, उजेड थोडा कमी वेळ टिकेल इतकंच. पण तो गारठलेला असतानाच पॉवर बँकेने चार्ज केला तर लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी वर धातू बनून साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. बर्फातल्या कॅम्पवर टॉर्च आधी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन ऊबदार होऊ द्या. सह्याद्रीत हा प्रश्न सहसा येत नाही. आपल्याकडे खरा शत्रू उन्हात उभी केलेली गाडी. मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड चटका बसेल इतका तापतो. सेल तिथे कधीच ठेवू नका.

मोसम संपल्यावर टॉर्च कपाटात जाणार असेल तर सेल पूर्ण भरून ठेवू नका, पूर्ण उतरवूनही नको. ३.६ ते ३.८ व्होल्टवर, टॉर्चबाहेर, डबीत.

दोन सेलचा टॉर्च

काही टॉर्चमध्ये दोन सेल एकामागे एक बसतात. नवख्याने यापासून लांब राहावं असं मी स्पष्टच म्हणेन. दोघांपैकी एक थोडा जरी थकलेला असला तरी तो आधी रिकामा होतो, आणि दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो. रिकामा सेल मग उलटा चार्ज होऊ लागतो. हे बंद नळीत, डोक्याजवळ धरलेल्या टॉर्चमध्ये घडतं. वापरायचाच असेल तर दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकदमच घेतलेले हवेत. दोघांवर मार्करने सारखी खूण करा, नेहमी जोडीनेच चार्ज करा आणि वापरा, बसवण्याआधी दोघांचा दाब मोजून सारखा आहे ना बघा. आणि प्लस-मायनसची दिशा दोनदा तपासा, कारण रात्री गुहेत सेल बदलताना एक उलटा बसवणं अगदी सहज होतं.

सेल कधी टाकायचा, आणि बिघडलाच तर

फार उतरलेला सेल हा फसवा असतो. २.५ व्होल्टच्या बराच खाली जाऊन तो तसाच पडून राहिला की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज केलं की ते भलत्याच जागी साचतं आणि आतून शॉर्टची वाट तयार होते. वर्षभर टॉर्चमध्ये विसरलेला, मल्टिमीटरवर दीड-दोन व्होल्ट दाखवणारा सेल पुन्हा जिवंत करायचे उपाय व्हिडिओंमध्ये दिसतात. करू नका. तसंच भरून ठेवलेला सेल काही न करता दोन-चार दिवसांत बराच उतरत असेल, चार्ज होताना पूर्वीपेक्षा जास्त तापत असेल, पडून पोचा आला असेल, तर त्याला निरोप द्या.

टॉर्च तापला म्हणजे सेल बिघडला असं दर वेळी नसतं. पूर्ण उजेडावर टॉर्चचं डोकं तापणारच, ती एलईडीची उष्णता. पण उजेड बंद आहे आणि मधली नळी तापत चालली आहे, तर ती सेलची. फुसफुस आवाज किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला तर वेळ अगदी थोडा आहे. झाकण उघडायला जाऊ नका, कारण ते तोंडावर उडू शकतं. टॉर्च माणसांपासून आणि वाळल्या गवतापासून लांब, दगडावर फेका आणि मागे व्हा.

घरात, चार्जरवर असं झालं तर हात सहज पोचत असेल तरच मेन स्विच बंद करा. सेल हाताने उचलू नका. त्याच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ वर फोन करा, खाली उतरायला लिफ्ट नको. लिथियमच्या आगीवर पाणी टाकू नये असं पुष्कळ जण सांगतात; ते शुद्ध लिथियम धातूबद्दल खरं आहे. या सेलना गार करायला पाणीच लागतं, भरपूर, वीज बंद केल्यानंतर. पावडरचा सिलिंडर ज्वाळा विझवतो पण सेल गार करत नाही, त्यामुळे तो पुन्हा पेटू शकतो. विझलेला सेलसुद्धा काही तास उघड्यावर, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब राहू द्या.

निरोप दिलेला सेल सुक्या कचऱ्यात टाकू नका. महापालिकेच्या गाडीत कचरा दाबला जातो. सेल चिरडला तर गाडीत आग लागते, आणि त्या गाडीवर माणसं काम करत असतात. पुढे देवनार किंवा कांजूरमार्गच्या कचराभूमीवर पोचला तर तिथेही तेच. भंगारवाल्याच्या पोत्यात पत्र्याशेजारी उघडा सेल टाकणंही तितकंच वाईट. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्था त्या स्वीकारतात. तोपर्यंत दोन्ही टोकांवर टेप लावून, लेबल चिकटवून सेल काचेच्या बरणीत ठेवा. ट्रेकिंग ग्रुपने मिळून एकच बरणी केली आणि भरल्यावर एकाने ती नेऊन दिली, तर दोन-दोन सेलसाठी प्रत्येकाला फेरी मारावी लागत नाही.